वरचा आकडा हट्टी का होतो? ताठर धमन्यांचा इतिहास

“डॉक्टर, खालचं बीपी सत्तर आहे, म्हणजे चांगलंच की! मग वरचं एकशे सत्तरच्या खाली का येत नाही?”

साठी ओलांडलेल्या पेशंटकडून हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. तीन गोळ्या चालू असतात, कधी चारही. मीठ कमी केलेलं असतं, लोणचं-पापड बंद असतात. सोबत आलेला मुलगा हळूच म्हणतो, “जरा स्ट्राँग गोळी लिहून द्या ना.”

वेगवेगळ्या प्रकारच्या तीन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, पुरेशा मात्रेत आणि नियमित घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर त्याला आम्ही ‘रेझिस्टंट हायपरटेन्शन’ म्हणतो. साध्या मराठीत, दाद न देणारा रक्तदाब. त्याची कारणं बरीच आहेत. गोळ्या मध्येच चुकणं, गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामकं, झोपेत श्वास अडकणं, मूत्रपिंडाचे आणि अॅड्रीनल ग्रंथीचे आजार. प्रत्येकावर वेगळा लेख होईल. आज एकाच कारणाबद्दल लिहितो, कारण ते सर्वांत जास्त दिसतं आणि सर्वांत कमी समजावलं जातं: मोठ्या धमन्यांचा ताठरपणा.

हे मी इतिहासाच्या वाटेने सांगणार आहे. त्याला कारण आहे. वरच्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्राच्या हातात तुकड्यातुकड्याने फार पूर्वीच आलं होतं. मग विसाव्या शतकात ते बरीच दशकं बाजूला पडलं, आणि त्या काळात कितीतरी म्हाताऱ्या माणसांना “या वयात एवढं असायचंच” म्हणून घरी पाठवलं गेलं.

घोडी आणि आगीचा बंब

लंडनजवळच्या टेडिंग्टन गावात स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. प्रवचनं करून उरलेल्या वेळात ते झाडं आणि प्राणी यांच्यावर प्रयोग करत. त्यांनी एका घोडीला उताणं बांधून तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढलं आणि प्रत्येक ठोक्याला वर-खाली होत राहिलं. आजच्या मापात हा दाब साधारण १९० भरतो. बांधून टाकलेल्या, घाबरलेल्या घोडीचा तो दाब होता, हे लक्षात ठेवा. १७३३ साली त्यांनी हे पुस्तकात छापलं. रक्तदाब मोजण्याचा हा पहिला प्रयोग म्हणून प्रसिद्ध आहे.

पण मला हेल्स यांचं दुसरं निरीक्षण अधिक मोलाचं वाटतं. त्यांना प्रश्न पडला की हृदय तर थांबून थांबून रक्त ढकलतं, मग लहान रक्तवाहिन्यांत ते अखंड कसं वाहतं? त्यांनी त्या काळच्या आगीच्या बंबाकडे बोट दाखवलं. बंबाचा दांडा माणसं वर-खाली करत, म्हणजे पाणी हिसक्याहिसक्याने येणार. पण बंबात हवा कोंडलेला एक घुमट असे. दांडा दाबला की हवा आकसायची, दांडा वर गेला की ती फुगून पाणी पुढे ढकलायची. त्यामुळे पाण्याची धार तुटत नसे. शेतीशी संबंध असलेल्यांनी पाठीवरचा फवारणी पंप आठवावा. हात वर-खाली चालतो, फवारा मात्र सलग निघतो.

आपल्या शरीरातला तो घुमट म्हणजे हृदयातून निघणारी महाधमनी. हृदय एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. त्यातलं बरंचसं लगेच पुढे जात नाही. महाधमनी फुगून ते स्वतःच्या पोटात घेते. मग हृदय विश्रांती घेत असताना ती आकसते आणि ते रक्त पुढे सोडते. म्हणजे एका स्थितिस्थापक नळीने दोन कामं केली. हृदयाचा जोर झेलल्यामुळे वरचा आकडा फार चढला नाही, आणि मधल्या वेळात रक्त पुढे ढकलल्यामुळे खालचा आकडा फार पडला नाही.

आता हीच नळी ताठर झाली असं समजा. ती फुगत नाही, म्हणून हृदयाचा सगळा जोर एकदम भिंतीवर येतो आणि वरचा आकडा चढतो. फुगलीच नाही तर आकसणार काय? म्हणून खालचा आकडा पडतो. १७०/७० चा अर्थ हा आहे. तो खालचा सत्तर नेहमी ‘चांगला’ नसतो. अनेकदा तो त्याच आजाराची दुसरी बाजू असतो.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो फ्रांक यांनी १८९९ मध्ये या कल्पनेला गणिताची चौकट दिली. बंबातल्या त्या हवेच्या घुमटाला जर्मन भाषेत ‘विंडकेसेल’ म्हणतात, आणि आजही वैद्यकाच्या पुस्तकांत हाच शब्द आहे.

पाटण्याच्या माणसाचा नातू

हेल्स यांच्यानंतर साधारण पाऊणशे वर्षांनी, १८०८ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीत थॉमस यंग यांनी हृदय आणि धमन्या यांवर व्याख्यान दिलं. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात ‘यंगचा गुणांक’ शिकलात ना, तेच हे यंग. ते पेशाने डॉक्टर होते हे फारसं कोणाला माहीत नसतं. त्यांनी मांडलं की नाडीची लाट धमनीतून किती वेगाने धावते हे धमनीच्या भिंतीच्या स्थितिस्थापकतेवर अवलंबून असतं. भिंत जितकी ताठर, लाट तितकी वेगवान.

इथे एक गोंधळ दूर करतो. ही लाट म्हणजे रक्त नव्हे. इंजिनाने मालगाडीला धक्का दिला की डब्यांचा खडखडाट क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो, गाडी मात्र त्यानंतर सावकाश हलते. मनगटाला लागते ती नाडी म्हणजे तो खडखडाट. १८७८ मध्ये मोएन्स आणि कोर्टेवेख या दोन डच संशोधकांनी या वेगाचं सूत्र पक्कं केलं.

सूत्र झालं, पण जिवंत माणसाची नाडी कागदावर उतरवायची कशी? ते काम फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८६० मध्ये केलं. मनगटावर एक तरफ बसवायची आणि तिच्या टोकाने काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढायची. या यंत्राचं नाव स्फिग्मोग्राफ. त्याचा खरा वैद्यकीय उपयोग ज्याने ओळखला, त्याच्या आडनावावर वाचताना तुम्ही थबकाल: फ्रेडरिक अकबर महोमेद.

त्यांचे आजोबा साके दीन महोमेद हे पाटण्याचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात होते, नंतर आयर्लंडला गेले. १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं, १८१० मध्ये लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढलं, ते बुडाल्यावर समुद्रकाठच्या ब्रायटनला जाऊन वाफारा आणि चंपीची स्नानगृहं चालवली. इंग्लंडात ‘शॅम्पू’ शब्द लोकप्रिय करणारे ते हेच. त्यांचा हा नातू १८४९ मध्ये ब्रायटनमध्येच जन्मला आणि लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये शिकायला आला.

विद्यार्थी असतानाच त्याने मारे यांच्या यंत्रात सुधारणा केली. धमनीवर नेमका किती दाब देऊन रेघ काढली हे मोजण्याची सोय त्यात आली, म्हणजे एका पेशंटची रेघ दुसऱ्याच्या रेघेशी ताडून पाहता येऊ लागली. १८७२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याचे या विषयावरचे लेख छापून आले. त्या काळी समज असा होता की नाडी कठीण लागणं हे मूत्रपिंडाच्या आजारातून येतं. महोमेद यांनी दाखवलं की मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या, चालत्याफिरत्या माणसांतही दाब वाढलेला असतो, आणि कधी कधी तो मूत्रपिंडाच्या आजाराच्या आधीच वाढतो. आज ज्याला आपण सर्रास ‘बीपी’ म्हणतो, त्या आजाराचं हे पहिलं स्पष्ट वर्णन. शिवाय दाब वाढलेल्या आणि वय झालेल्या माणसांच्या नाडीच्या रेघेचा आकारच बदलतो, हेही त्यांच्या नोंदींत आहे. त्याचं स्पष्टीकरण पुढे मिळालं. ताठर धमन्यांत लाट झपाट्याने शरीराच्या टोकाला जाऊन आपटते आणि परत फिरते. ही परतीची लाट हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याच्यावर येऊन आदळते आणि वरचा आकडा आणखी चढवते.

१८८४ मध्ये विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, महोमेद गेले. वय पस्तीस. आपल्याकडच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचं नाव शिकवलं पाहिजे असं माझं मत आहे. भारतीय मुळं आहेत म्हणून नाही, तर यंत्रापेक्षा पेशंटकडे पाहणारा डॉक्टर कसा असतो ते कळावं म्हणून.

आकडा आला, भिंत विसरली गेली

१८९६ मध्ये इटलीच्या तुरीन शहरात शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडावर बांधायचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांचं यंत्र केलं. पट्ट्यासाठी त्यांनी सायकलची ट्यूब वापरली होती. त्यावर फक्त वरचा आकडा कळे. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधले रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोटकोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची रीत सांगितली आणि खालचा आकडाही मिळू लागला. जेमतेम पानभर मजकुराचा तो अहवाल. त्याच्या जोरावर शंभर वर्षं जगभर बीपी मोजलं गेलं.

ही फार मोठी सोय होती, यात शंका नाही. पण सोयीची किंमतही मोजावी लागली. काजळीच्या कागदावरची रेघ वाचायला वेळ आणि सराव लागे, दोन आकडे मात्र कोणालाही लिहून घेता येत. स्फिग्मोग्राफ कपाटात गेला आणि त्याच्याबरोबर धमनीच्या भिंतीचा विचारही. क्रायटन ब्रॅमवेल आणि ए. व्ही. हिल यांनी १९२२ मध्ये नाडीच्या लाटेचा वेग माणसात मोजून तो वयानुसार वाढतो हे दाखवलं. हिल यांना त्याच वर्षीचं नोबेल मिळालं, पण ते स्नायूंवरच्या कामासाठी. लाटेचा वेग दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

मग दोन आकड्यांपैकी खरा कोणता, हा वाद आला आणि त्यात खालचा आकडा जिंकला. युक्तिवाद असा होता की वरचा आकडा भीतीने, जिना चढल्याने, रागाने हलतो. खालचा स्थिर असतो आणि तो बारीक रक्तवाहिन्यांतला अडथळा दाखवतो. वरचा आकडा वयाबरोबर वाढतो तो नैसर्गिकच, असं धरलं गेलं. “वय अधिक शंभर” हा हिशेब यातूनच घट्ट झाला. आजही कट्ट्यावर बसलेले आजोबा तो एकमेकांना सांगतात. सत्तरीच्या माणसाचं १७० असलं तरी हरकत नाही म्हणे!

औषधंही नव्हतीच म्हणा. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाला त्याचे डॉक्टर विश्रांती, कमी मीठ आणि झोपेचं औषध यापलीकडे फार काही देऊ शकले नव्हते. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रुग्णांवरील वापराचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य जगाचं लक्ष या भारतीय मुळीकडे गेलं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गोळ्या आल्या, साठच्या दशकात बीटा ब्लॉकर, १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल. गंमत पाहा, ‘औषधांना दाद न देणारा रक्तदाब’ हा आजार औषधं आल्यावरच जन्माला येऊ शकत होता!

औषधांचा खरा फायदा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सिद्ध झाला. १९६७ च्या त्या अभ्यासात १४३ पुरुष होते, आणि त्यांची निवड झाली ती खालचा आकडा ११५ ते १२९ आहे म्हणून. १९७० चा पुढचा अभ्यासही खालच्या आकड्यावरच. अर्थात ज्यांचा खालचा सत्तर-ऐंशी आणि वरचा एकशे ऐंशी, असे म्हातारे लोक या अभ्यासांच्या बाहेरच राहिले. त्यांना औषध द्यावं की नाही याचा पुरावा नव्हता, म्हणून दिलं जात नसे. त्यांच्यातल्या कित्येकांना अर्धांगवायू झाला.

म्हाताऱ्यांची बाजू

हा समज पहिल्यांदा हलवला तो फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावाने. तिथे १९४८ पासून हजारो रहिवाशांच्या तब्येतीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जात होती. १९७१ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयविकाराचा धोका सांगण्यात वरचा आकडा खालच्यापेक्षा मुळीच कमी नाही, आणि वय वाढतं तसं त्याचं वजन वाढतं. मग आला १९९१ चा ‘शेप’ अभ्यास. साठीच्या पुढचे ४,७३६ लोक, वरचा आकडा १६० किंवा जास्त, खालचा नव्वदच्या आत. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त, लघवी वाढवणारी गोळी दिली, गरज पडल्यास दुसरी जोडली. निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झालं. “वय अधिक शंभर” त्या दिवशी संपायला हवं होतं.

त्याच सुमारास भिंतीकडेही पुन्हा लक्ष गेलं. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर संवेदक ठेवून लाटेला एवढं अंतर कापायला किती वेळ लागतो हे संगणकाने मोजता येऊ लागलं. २००१ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी १,९८० रक्तदाबाच्या रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांच्या महाधमनीत लाट वेगाने धावते, म्हणजे जिची भिंत ताठर आहे, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि हे वय, मधुमेह वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही टिकलं. त्याच वर्षी फ्रान्समधूनच डायलिसिसवरच्या रुग्णांचा अभ्यास आला, तो मला जास्त अस्वस्थ करणारा वाटतो. काहींचा रक्तदाब औषधांनी खाली आला पण लाटेचा वेग घटला नाही. दाब उतरूनही त्यांचं आयुष्य इतरांइतकं लांबलं नाही.

पण आधी काय, दाब की ताठरपणा? आमची वर्षानुवर्षांची समजूत अशी की जास्त दाबाने भिंत झिजते. ते खरंच आहे. मात्र २०१२ मध्ये फ्रेमिंगहॅमच्याच लोकांचा पाठपुरावा करताना दिसलं की ज्यांची महाधमनी आधी ताठर होती त्यांना पुढच्या काही वर्षांत रक्तदाब जडण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे हे दुष्टचक्र आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी फिरतं.

भिंत ताठर होते ती का? महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचे रबरासारखे तंतू असतात. ते आपण मुख्यतः गर्भात आणि बालपणी तयार करतो. पुढे आयुष्यभर तीच शिदोरी. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त, वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख, साठीपर्यंत २२० कोटी वेळा ती भिंत ताणली जाते. तंतू तुटतात, त्यांची जागा न ताणणारं कोलॅजन घेतं. मधुमेहात साखर या तंतूंना एकमेकांत जखडते. मूत्रपिंडाच्या आजारात भिंतीत कॅल्शियम साचतं. तंबाखू आणि मीठ आपापली भर घालतात. अँजिओग्राफीत दिसणारं चरबीचं ‘ब्लॉकेज’ ही वेगळी गोष्ट आहे बरं का. नळी आतून मोकळी असूनही भिंत ताठर असू शकते.

म्हणूनच औषधं अर्धवट काम करताना दिसतात. बहुतेक गोळ्या बारीक धमन्यांचे स्नायू सैल करतात किंवा शरीरातलं मीठ-पाणी कमी करतात. महाधमनीत सैल करण्याजोगा स्नायू थोडाच असतो. परिणामी खालचा आकडा लवकर उतरतो आणि वरचा मागे रेंगाळतो. गोळ्या वाया जातात असा याचा अर्थ नाही; शेपमधल्या लोकांच्या धमन्याही ताठरच होत्या आणि तरी पक्षाघात टळले. चौथी गोळी कोणती, यावर २०१५ चा ब्रिटनमधला पाथवे-२ अभ्यास आहे. त्यात स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी गोळी इतर पर्यायांपेक्षा सरस ठरली. ती घेताना रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं, त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून ती सुरू करू नका. आणि एकदम जोर लावून वरचा आकडा पाडण्याचा हट्टही नको. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. खालचा आकडा फारच पडला, तर तिथे आणि उभं राहताना मेंदूलाही रक्त कमी पडतं. अशा पेशंटना आम्ही मात्रा आठवड्यांच्या अंतराने, हळूहळू वाढवतो ते यासाठी.

क्वचित एक वेगळाच प्रकार होतो. दंडातली धमनी इतकी कडक असते की पट्टा तिला दाबू शकत नाही आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. विल्यम ऑस्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशा कडक धमन्या बोटांनी चाचपायला सांगितलं होतं. १९८५ मध्ये त्यांच्या नावाने एक तपासणी रूढ झाली, पण ती फारशी भरवशाची नाही असं पुढे दिसलं. गोळ्यांनी चक्कर येतेय आणि आकडा मात्र हलत नाही, अशा वेळी आम्ही ही शंका घेतो.

लाटेचा वेग मोजण्याचं यंत्र मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आहे. सेकंदाला १० मीटर ही सीमारेषा २०१२ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवली. तरुण, निरोगी धमनीत हा वेग साधारण पाच-सहा असतो. तपासणीत दुखत नाही, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. ती प्रत्येकाला हवीच असं नाही. घरच्या घरी ढोबळ अंदाज वजाबाकीने येतो. १२०/८० मधला फरक ४०, १७०/७० मधला १००. हा फरक साठच्या वर राहत असेल तर महाधमनी ताठरली असण्याची शक्यता बरीच. म्हणून घरी बीपी मोजलंत की वहीत दोन्ही आकडे लिहा, सकाळचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे, उभं राहिल्यावर चक्कर आली असेल तर त्याचीही नोंद करा, आणि ती वही तपासणीला येताना सोबत आणा.